आपल्या भाषेला 'जा' नाही

मु. अष्टमी (रोहा),
१७ जानेवारी १९९०

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

धाकट्या नाथाचा, कंबर देते तेवढं वाकून नमस्कार.

ताजी बातमी अशी, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तू कुंडलिकेच्या खाडीवर राज्य करत होतीस आणि परकीयांशी लढता लढता धारातीर्थी पडलीस. या वृत्ताला काल संध्याकाळी प्रोफेसर घैसास यांनी दुजोरा दिला. दुजोरा देताना ते आमच्या झोपाळ्यावर बसले होते, आणि विमलने स्वतःसाठी राखून ठेवलेली तांदळाची भाकरी त्यांच्या ताटात होती. माणूस वारला की नातेवाइकांची प्रतिक्रिया घ्यायची, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तिथे हजर असलेला एकमेव नातेवाईक मी होतो, पण माझी प्रतिक्रिया कोणी घेतली नाही.

तुझी तब्येत कशी आहे? (वरची बातमी पाहता हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण पत्रात विचारावा लागतो.) गुडघ्याला तिळाचं तेल चोळतेस की नुसतं बाटलीत ठेवतेस? दाजींचा खोकला प्लास्टरच्या धुळीने वाढला असेल. माघी गणपतीची घाई असणार, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अजून तू कोणाला करू देत नसणार, म्हणजे मानही दुखत असणार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे. ती मी पाळली, एवढंच समज. हे पत्र तू स्वतः वाच, दाजींना कारखान्यात मोठ्याने वाचायला देऊ नकोस. कारण पुढे कळेल.

सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे नेमकं कुठे चुकलं ते तुला दाखवता येईल. मला ते सापडलेलं नाही. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष हैबतराव. भातगिरणी त्यांची, मंडप त्यांचा, पडदा त्यांचा, आणि राजाचा मुकुट म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावरचा कळस. गेल्या वर्षी पेणच्या मंडळाने ऐतिहासिक नाटकात खराखुरा घोडा रंगमंचावर आणला. (घोड्याने पहिल्या अंकात आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण खाल्लं आणि दुसऱ्या अंकात यायला साफ नकार दिला, पण पेणकरांची मान वर्षभर ताठ राहायला तेवढं पुरलं.) तेव्हापासून हैबतरावांना अन्न गोड लागेना. एक दिवस ते आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आले, टेबलावरची प्रुफं बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "नाथाभाऊ, पेनवाल्यांनी घोडा आनला ना? आपन भाषा आनू. खाडीच्या मूळ राजाची. आता कुनालाच येत नाय अशी." मी म्हटलं, कोणालाच येत नाही ती मला कुठून येणार? तर म्हणाले, "तुमी पेपरवाले. तुमाला काय येत नाय? शुक्रवारी द्या." आणि गेले. आक्का, माझं आयुष्य याच वाक्याने वाया गेलं आहे. शुक्रवारी द्या म्हटलं की मी देतो. पूर आला तेव्हा दिला, सासरे गेले तेव्हा दिला, आमदारसाहेब मंत्री होणार अशी बातमी होती आणि ते झाले नाहीत, तेव्हाही मजकूर शुक्रवारी दिला. शुक्रवार चुकवणं मला जमत नाही. काय द्यावं, याचा विचार मी शनिवारी करतो.

गुरुवार संध्याकाळपर्यंत कागद कोरा. कचेरीतून घरी येताना अष्टमीच्या पुलावर थांबलो. खाली ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता, आणि तो वास आला. त्या वासामागोमाग, का कोण जाणे, तुझा आवाज आला: "टकू चिमू मफूम!" मग काय विचारतेस? घरी पोचलो आणि विमलने पानं घ्यायच्या आत राजाची सगळी भाषणं लिहून काढली.

तुला आठवत असेलच. पेणच्या खाडीवरचं मिठागर, बांधावर आपण दोघं, आणि आईला कळू नये म्हणून केलेली आपली भाषा. टकू म्हणजे आई, कारण बोलायच्या आधी ती पळी टकटक आपटायची. चिमू म्हणजे गुळाचा खडा. मफू म्हणजे लपवणे. आई गूळ लपवणारच, एवढाच त्या वाक्याचा अर्थ, आणि एवढंच त्या भाषेचं प्रयोजन. आता नाटकात राजा तटावर उभा राहून तलवार उपसतो आणि गर्जतो, "टकू चिमू मफूम!" खालून सगळं सैन्य तीच गर्जना परत करतं. प्रोफेसर घैसासांनी तिचा अर्थ लावला आहे तो असा: 'देवी आपल्या लेकरांसाठी अमृत राखून ठेवणारच.' हे वाक्य सध्या एसटी स्टँडसमोरच्या कमानीवर रंगवलेलं आहे. दोन रिक्षांच्या पाठीवरही आहे. परवा पोरांच्या कबड्डीत एक संघ ते ओरडून मैदानात उतरला आणि जिंकला. आई वरून बघत असेल तर पळी शोधत असेल.

त्या भाषेचं व्याकरण मी तुला सांगावं, हा काळाचा महिमा, कारण ते केलंस तू. तरी सांगतो, म्हणजे विद्वानांच्या हाती पडल्यावर त्याचं काय झालं ते कळेल. मला तेव्हा 'र' म्हणता येत नव्हता, म्हणून आपल्या भाषेत 'र' नाही. प्रोफेसर म्हणतात, 'र' हा वर्ण माणसाने फार उशिरा कमावला, तेव्हा तो नसणं हा प्राचीनतेचा पहिला पुरावा. तुझे वरचे दोन दात पडले होते, म्हणून 'स', 'श' आणि 'ज' तिघेही 'फ'मध्ये गेले, आणि तो 'फ'सुद्धा साधा नव्हे, फटीतून वारा सुटल्यासारखा. त्याचं नाव आता 'वायुगर्भ फकार' असं आहे. तो कोणाच्या तोंडून नीट निघेना. शेवटी राजा झालेल्या शिवाने कवळी काढून ठेवली, तेव्हा निघाला. (प्रयोगानंतर कवळी सापडेना. ती कळसाच्या मुकुटात होती.) आपल्या भाषेत अनेकवचन नाही, कारण आपल्या घरात अनेक असं काही नव्हतं. पाटी एक, कांबळं एक. प्रोफेसरांना त्यात अद्वैत दिसलं. 'माझं' आणि 'तुझं'ही नाही, कारण जे काही असेल ते आक्काचं, हा तुझा कायदा होता. मला जोडाक्षर जमेना, म्हणून मी 'आका' म्हणायचो. आका पाटी, आका कांबळं, आका चिमू. नाटकात राजा म्हणतो, आका पाणी, आका माती. यावरून प्रोफेसरांनी सिद्ध केलं, की या खाडीची जमीन, पाणी आणि मीठ यांची मालकी आका नावाच्या एका थोर राणीकडे होती. आणि राणी म्हटली की ती लढणार, आणि लढली की पडणार. अशी तू गेलीस. शोकसभा घ्यायचं चाललं आहे.

भरती-ओहोटीचा नियम मात्र खरोखर सुंदर होता आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पाणी चढत असताना बोललं की क्रियापदाला शेवटी 'म', उतरत असताना बोललं की 'प'. 'म'चं काम हमखास व्हायचं. 'प'चं झालं तर झालं. फुबा म्हणजे ये, येतो, येते, सगळं एकच. फुबाम म्हणजे आत्ता, नक्की. फुबाप म्हणजे जमेल तसं. प्रोफेसर हा नियम इतका काटेकोर पाळतात, की चहा घेणार का विचारलं तर आधी उठून खिडकीतून नदीचं पाणी बघतात. चहा तोवर निवतो. मग तो पुन्हा गरम करायचा, तोवर पाणी फिरलेलं असतं.

राहिला शेवटचा नियम, तो आईचा. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे सगळीकडेच आहे. पण आईचे वडील होडीवर निघताना 'जातो गो' म्हणून गेले ते गेलेच, तेव्हापासून आईला तो शब्दच सहन होत नसे. "जा बोलशील तर जिभेला चटका देन!" आपण इतके भ्यालो होतो, की तिला न कळणाऱ्या भाषेतही आपण तो शब्द केला नाही. म्हणून आपल्या भाषेला 'जा' नाही. मी बांधावर रुसून बसलो की तू मला 'घरी जा' म्हणू शकत नव्हतीस. तू स्वतः धावत घरी जायचीस आणि दारातून 'फुबाम!' अशी हाक मारायचीस, की मी उठायचो. माणसाला एका जागेवरून हलवायची त्या भाषेत तेवढी एकच सोय. तेव्हा ती गंमत वाटायची. आता माझा संसार तिच्यावर टांगला आहे.

प्रयोग तुळशीच्या लग्नानंतर झाला. परकीय सरदाराचं काम सखाकडे होतं. राजा त्याला खाडीबाहेर हाकलतो, असा शेवटचा प्रवेश. पण हाकलायला शब्द नाही! शुक्रवार तोंडावर आलेला, म्हणून मी 'तिकडे फुबा' असं लिहून दिलं. सखा प्रामाणिक नट आहे. त्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ मला विचारून घेतला होता. राजा 'फुबा' म्हणाला की सखा एक पाऊल पुढे. राजा पुन्हा गरजला, सखा आणखी पुढे. शिवा मागे सरकत, मुकुट सावरत विंगेत गेला आणि रंगमंचावर एकटे परकीय उरले. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतले पेणकर हाताची घडी घालून बसले होते, त्यांना घोडा आठवत असावा.

इथपर्यंत थांबलं असतं तर मी तुला दोन ओळींचं कार्ड टाकलं असतं. पण प्रयोगाला सगुणाबाई आली होती. आपल्या शेजारची, आईबरोबर मिठाच्या टोपल्या वाहायची तीच. आता अष्टमीत लेकीकडे असते. राजाने तलवार उपसून गर्जना केली आणि अख्ख्या मंडपात ही एकटी खो खो हसली. "अगो बय, राजा लढाईत गूळ मागतंय!" तिच्या पुढच्याच खुर्चीवर प्रमुख पाहुणे, म्हणजे प्रोफेसर घैसास. मोठ्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, मेलेल्या भाषांमधले अधिकारी. त्यांनी तिथेच वळून विचारलं, आजी, तुम्हाला ही भाषा कळते? "कलते म्हंजे? ह्या कानांनी रोज ऐकलीया. आमच्या मिठागरावर बोलायचे." कोण बोलायचं? "आता कोन ऱ्हायलंय बोलनारं?" आक्का, यात एक शब्द खोटा नाही. आपण समजत होतो की आपली भाषा गुप्त आहे. ती सगळ्या मिठागराला येत होती. म्हणजे आईलाही येत असणार. म्हणूनच आपला बेत ठरला रे ठरला, गुळाची जागा बदललेली असायची!

प्रोफेसर दुसऱ्या दिवशी एक बॅग आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आले. दोन दिवस राहतो म्हणाले. कुठले दोन ते सांगितलं नाही. आमच्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. बाहेरच्या खोलीत आता राणी आकाचं राज्य आहे आणि आतल्या खोलीत आम्ही निर्वासित.

मी खरं सांगितलं नाही, असं तुला वाटेल. सांगितलं गं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की ही भाषा मी आणि माझ्या बहिणीने गुळासाठी केली. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "नाथाभाऊ, लाजू नका. हरलेल्या भाषेची माणसं नेहमी असंच म्हणतात." दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं, तर त्यांनी ते टेप केलं आणि फितीवर लिहिलं: 'वक्त्याचा नकार, अत्यंत भावपूर्ण.' मग मी साप्ताहिकात चौकट टाकून खुलासा छापला. संध्याकाळी हैबतराव पेढे घेऊन हजर. "खुलासा झ्याक! आता तर लोक बोलतात, छापून नाय म्हनतायत म्हंजे असनारच." आणि दुःख असं, की एवढी वर्षं याच धंद्यात असल्यामुळे लोकांचं बरोबर आहे, हे मला ठाऊक आहे.

त्याहून वाईट पुढे आहे. प्रोफेसर आता ती भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलतात. घरात दुसरी बोलत नाहीत. परवा मी ओहोटीला चुकून 'म' लावला, तर त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि मी ते वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत मीठ पुढे केलं नाही. 'तुमच्यावर मराठीचा फार परिणाम झालाय,' म्हणाले. मी र-काराशिवाय एक उतारा वाचून दाखवला, त्यात दोनदा 'र' आला. ज्या भाषेत 'र' नाही कारण तो मला येत नव्हता, त्या भाषेत मला 'र' आला म्हणून मी नापास! मंडळाच्या रविवारच्या सभेत माझा शेवटचा भाषक म्हणून सत्कार करायचं ठरत होतं, ते आता प्रोफेसरांना मान्य नाही. त्यांच्या मते माझी भाषा बिघडलेली आहे, अस्सल कोणीतरी शोधायला हवं. सत्कार चुकला याचं वाईट नाही. पण आपल्याच घरात आपल्याच भाषेतून नापास झालेला माणूस जगात दुसरा नसेल, आणि असला तरी त्याच्या झोपाळ्यावर परीक्षक बसलेला नसेल.

आता विमल. तिने सोसलं, पुष्कळ सोसलं. त्यांना भाकरी वाढली, नळाचं पाणी तापवून दिलं, स्वयंपाकघरात ती भाकरी थापताना होणारा आवाजही त्यांनी टेप केला तो करू दिला. (त्यांना त्या आवाजात जुन्या युद्धनृत्याचा ठेका सापडला आहे.) पण संक्रांतीला वाण द्यायला शेजारच्या बायका आल्या आणि प्रोफेसर तिळगूळ घ्यायला त्यांच्याच रांगेत बसले. म्हणाले, चिमू! त्या संध्याकाळी विमल पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिली. "प्रोफेसर, आता तुमी जा." साधं, स्वच्छ मराठी. ते प्रसन्न हसले आणि टिपून घेतलं: 'सुनेच्या बोलीत एक परकीय क्रियापद आढळते.' ती माझ्याकडे वळली. "तुमच्या भाषेत सांगा त्यांना." काय सांगू? 'तिकडे फुबा' म्हटलं असतं तर सखासारखे आतल्या खोलीत आले असते.

तेव्हा तिने शेवटचं सांगितलं. रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे, आळीतल्या सगळ्या बायका यायच्या आहेत. "त्या काय त्या बाबाच्या मांडीवर बसतील? रथसप्तमीच्या आत तो घराबाहेर नाय, तर मी नागोठण्याला माहेरी. आणि ऐका, निघताना मी 'येते' म्हणणार नाय. 'जाते' म्हणणार." आक्का, इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला काय काय ऐकवलं आहे, पण हे कधी नाही. मी रात्री कूस बदलत राहिलो. (बाहेरच्या खोलीत प्रोफेसर झोपेतसुद्धा 'र' घेत नाहीत. घोरणं निराळंच येतं.) ती खरंच म्हणेल. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, शब्द तोंडातून काढला की पाळते. शुक्रवार पाळणाऱ्या माणसाला रथसप्तमी पाळणारी बायको मिळाली, आणि ती रथसप्तमीही यंदा शुक्रवारीच आहे.

इतक्यात हैबतरावांनी दाजींना पुतळ्याची ऑर्डर दिली, हे तुला कळलंच असेल. स्टँडसमोर बसवायचा आहे. कोणाचा, हे दाजींना 'एक जुनी राणी' एवढंच सांगितलं आहे. तुमच्या मूर्ती नेणारा ट्रकवाला सांगत होता, की साचा देवीचा वापरला, पण पायाशी बसवायला सिंह शिल्लक नव्हता म्हणून दाजींनी गणपतीचा उंदीर बसवला. प्रोफेसरांनी त्या उंदराचा अर्थ लावायला घेतला आहे. त्यांनी कळवलं होतं, की राणीचे वरचे दोन दात नसावेत, तोही बदल दाजींनी केला म्हणे. म्हणजे या घडीला तू खाली मान घालून स्वतःच्याच मूर्तीचे डोळे आखत असशील, आणि दाजी 'ही बया कोण गं?' म्हणून विचारत असतील. सांगू नकोस. पण डोळे जरा रागीट आख. बघणाऱ्याला गुळाला हात लावायची भीती वाटली पाहिजे.

असो. तुझ्याकडे काही मागायचं म्हणून हे पत्र लिहिलं नाही. थोरल्या बहिणीशिवाय मन कोणाजवळ मोकळं करणार? दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. औषध वेळेवर घे.

तुझा,
नाथा

ता. क. एक बारीकसं काम आहे. एक कार्ड टाकशील? पत्ता आमचाच, नाव मात्र प्रोफेसर घैसासांचं. मजकूर एकच शब्द: फुबाम. खाली सही 'आका'. बस्स. आपल्या भाषेत माणसाला हलवायचं तर दुसरीकडून हाक यावी लागते, आणि दुसरीकडे असं माझं तुझ्याशिवाय कोण आहे? मी त्यांच्या कानावर घालून ठेवलं आहे, की तुमच्या हमरापुरात एक बाई अजून अस्सल बोलते आणि ती र-कार उच्चारत नाही. (दाढदुखीने तुझं तोंड सुजलं आहे असं समजून चार दिवस काढ.) ते आल्यावर त्यांना मूर्ती घासायला पॉलिश पेपर हातात दे, माघीची घाई आहे, दोन हात वाढतील. तुमच्याकडून पुढे त्यांना कसं हलवायचं ते मला विचारू नकोस. पेणला दाजींचे कोणी शत्रू असतील तर त्यांना दोन शब्द शिकवून ठेव. घोडावाले आहेतच.

ता. क. २. प्रोफेसरांच्या व्याकरणात एक जागा रिकामी आहे, ती तेवढी कळव. तुझं लग्न होऊन तू हमरापूरला निघालीस, तेव्हा गाडीतून वळून 'फुबा' म्हणालीस आणि शेवटचं अक्षर पदरात गेलं. मी बांधावर उभा होतो, वाराही होता. तू 'म' म्हणालीस की 'प'? आणि 'येते' म्हणालीस की 'ये'? प्रोफेसरांना हवं आहे. मला तसं काही नाही, सहज विचारतो. पाणी तेव्हा चढत होतं की उतरत होतं, तेही मला आठवत नाही. माझे डोळे भरले होते, त्यातून सगळीकडे भरतीच दिसत होती.

ता. क. ३. पत्र विमलने वाचलं. ती म्हणते, तो बाबा एकटा निघायचा नाही, गाडीत झोपून पनवेलच्या पुढे जाईल आणि परत इथेच येईल. टेपरेकॉर्डर आणि बॅग उचलून मीच त्याला हमरापूरला पोचवावं, आणि आक्कांच्या हातचं दोन दिवस जेवून यावं. गेल्या दोन्ही भाऊबीजा पोस्टाने झाल्या, हेही तिनेच काढलं. तेव्हा कार्डावर माझं नाव वेगळं घालत बसू नकोस. आपल्या भाषेला अनेकवचन नाही, एक फुबाम दोघांना पुरेल. अमावास्येनंतरच्या रविवारी, उधाणाचं पाणी चढायला लागलं की, सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही पेणला उतरू असं समजतं. या वृत्ताला अद्याप दुजोरा मिळालेला नाही. तो तू द्यायचास.